फियाट, घाट आणि ओलं फडकं

मागच्या अंकात विचारलं होतं की घरातली जुनी गाडी आठवते का, तर पत्रांचा ढीगच आला. बरीचशी नुसती गहिवराची आहेत, त्यांना उत्तर काय देणार, म्हणून ज्यांनी खरंच काहीतरी विचारलंय ती चार घेतो. मी जळगावात 26 वर्षं मोटरपार्टचं दुकान चालवलं, काउंटरवर उभं राहून लोकांच्या गाड्यांची रडगाणी ऐकली, माझा अधिकार म्हणाल तर तेवढाच.

दर मे महिन्यात आम्ही वडिलांच्या 1978च्या फियाटने वेरूळला जायचो. चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट लागला की गाडी हमखास बंद. वडील बॉनेट उघडून कशावर तरी ओलं फडकं टाकायचे, आई दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढायची, अर्ध्या तासाने गाडी एका सेल्फला चालू! लहानपणी मला ती वडिलांच्या हाताची जादू वाटायची. नेमकं काय व्हायचं? – एक वाचक, पाचोरा

जादूबिदू काही नाही भाऊ, पेट्रोल उकळायचं. तुमच्या गाडीच्या कागदावर प्रीमियर पद्मिनी लिहिलेलं असणार, 1974 पासून तेच नाव होतं, पण आपल्याकडे ती शेवटपर्यंत फियाटच. तिचा पेट्रोलपंप इंजिनलाच चिकटलेला, आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागाला, द्यायचं एवढंच त्याचं काम. आता बघा, बाहेर 44 डिग्री, गाडीत सात माणसं, वर कॅरेजवर वळकट्या, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर रखडत चाललेली, म्हणजे इंजिन तापतंय पण वारा काही लागत नाही, मग पंपातल्या आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते, पंप ती वाफच ढकलत बसतो, कार्बोरेटर कोरडा पडतो, गाडी दोनदा खोकते आणि गप्प. ओल्या फडक्याने पंप गार झाला की वाफेचं परत पेट्रोल. फडकं नसतं टाकलं तरी तासाभराने झाली असती चालू, पण मग वडिलांना कोणी मानलं असतं? हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे येतं, त्यामुळे तुमच्या नातवंडांना घाटात दशम्या खायला मिळणार नाहीत.

माझ्या घरचं सांगायचं तर आमची अँबॅसिडर होती. तिचं पेट्रोल नाही, रेडिएटर उकळायचं. वणीला जाताना नांदुरीला वडिलांनी घाईघाईत गरम झाकण फिरवलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात पोळला. सगळे देवीला गेले, आई मात्र खालीच त्यांच्या हाताला कोरफड लावत बसली. पाण्याची पाच लिटरची कॅन कायम तिच्याच पायाशी असायची, त्यामुळे तिला पाय कधी लांब करता आलेच नाहीत. भाऊ आजही त्या गाडीचं नाव काढलं की हळवा होतो. आईला विचारलं तर म्हणायची, "गेली तेच बरं झालं."

दिवाळीला सगळे जमले की सासऱ्यांच्या जुन्या गाडीचं पुराण सुरू होतं आणि मला चीड येते. मी त्या गाडीत नेहमी मागे मधे बसायचे, मांडीवर बाळ, पेट्रोलच्या वासाने धरणगाव यायच्या आत उलटी. माझंच काही चुकतंय का? – एक ताई, भुसावळ

नाही ताई, अजिबात नाही. मधल्या सीटखालून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट असतो, म्हणून तिथे तो उंचवटा, पाय ठेवायला जागाच नाही. वासाचं म्हणाल तर टाकीच्या तोंडाचा रबरी पाइप उन्हाने तडकतो आणि टाकी फुल केली की वास आत येतो, तो पाइप मी तीस-चाळीस रुपयाला विकायचो आणि लोक "पुढच्या वेळी बघू" म्हणून परत जायचे. पुराण सांगणारे कुठे बसायचे ते आठवून बघा. पुढे, त्रिकोणी काच उघडून, सगळा वारा अंगावर. ती त्रिकोणी काच मलाही फार आवडायची, खोटं कशाला बोलू, पण मीही पुढेच बसायचो.

आमच्याकडे व्हॅन होती, तिला काका घरातलाच गॅस सिलेंडर लावायचे, स्वस्तात लग्नं केली तिच्यावर! असे दिवस परत येणार नाहीत ना? – एक वाचक, शिरपूर

नाही आले तर बरंच. गाडीच्या गॅसटाकीत 80 टक्के भरलं की आपोआप बंद होणारा व्हॉल्व असतो, गळती झाली तर गॅस बाहेर काढायची सोय असते, घरच्या सिलेंडरला यातलं काहीच नाही. वऱ्हाड सुखरूप पोचलं हे नशीब, यात काकांची हुशारी कुठे आली?

वडिलांची 1974ची फियाट वाड्यात उभी आहे. भाऊ म्हणतो भंगारात देऊ, मी म्हणतो ठेवू. जुन्या गाड्यांना खास व्हिंटेज नंबर मिळतो म्हणे? – एक वाचक, फैजपूर

मिळतो. 2021 च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी त्यात बसते, मात्र चासी, बॉडी, इंजिन मूळचं पाहिजे, म्हणजे मधे कोणी डिझेल इंजिन बसवलं असेल तर विषय संपला. नंबरात "व्हीए" अक्षरं येतात, फी 20,000, मुदत 10 वर्षं. आणि गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची, रोज सावद्याच्या बाजाराला जायचं तर हा नंबर कामाचा नाही, हे भावाला आधीच सांगा नाहीतर पुन्हा भांडण.

नंबराच्या आधी गाडी चालू करायची असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याचा वार्निशसारखा वास येत असेल. प्लग काढून त्या भोकांतून दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, मग सेल्फ न मारता इंजिन हाताने फिरवून बघा. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, नवेच टाका, आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. वायरी उंदरांनी खाल्ल्या असतीलच, केळीच्या पट्ट्यात राहता तुम्ही. ब्रेक धरतात का ते वाड्यातच बघून घ्या. आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या टायरवर 2309 दिसतंय, म्हणजे 2009 सालातला 23वा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, ते टायर बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.