ऑकलंडजवळच्या बेटांवर स्वयंसेवकांना नक्की काय काम असतं? अनुभव नसेल तर घेतात का?

तुम्ही विचारलंय की ऑकलंडला राहताय, सुटीच्या दिवशी हौराकी आखातातल्या एखाद्या बेटावर पक्ष्यांसाठी काम करायचंय, पण तिथे झाडं लावण्यापलीकडे काही असतं का आणि नवख्या माणसाला घेतात का. घेतात, अगदी आनंदाने. झाडं लावणं हा मात्र त्यातला सोपा भाग, आणि काही बेटांवर तर तो जवळजवळ संपलाय. खरं काम आहे उंदराचं: आहे तो काढायचा, आणि मग पुन्हा एकही येऊ द्यायचा नाही.

कारण साधं आहे. न्यूझीलंडमध्ये वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा सस्तन प्राणी मुळात नव्हता. त्यामुळे इथले कित्येक पक्षी जमिनीवर नाहीतर बिळात अंडी घालतात आणि उंदीर दिसला तरी पळून जायचं त्यांना सुचत नाही. हौराकी आखातातल्या नॉइझेस बेटांपैकी मारिया या चिमुकल्या बेटावर १९६०च्या सुमारास तपकिरी उंदीर पोचले आणि तिथल्या वादळपाखरांची (छोट्या समुद्रपक्ष्यांची) अक्षरशः कत्तल झाली. फॉरेस्ट अँड बर्ड संस्थेच्या स्वयंसेवकांनी हाताने विषारी आमिष टाकलं, आणि १९६४ मध्ये बेट उंदीरमुक्त असल्याचं दिसून आलं. या देशातली बेटं उंदीरमुक्त करण्याची सुरुवात अशी हौशी लोकांच्या हातून झाली.

दुसरं उदाहरणही नॉइझेसमधलंच. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी रेडिओ कॉलर लावलेला एकच उंदीर मुद्दाम मोटुहोरोपापा बेटावर सोडला. बेट जेमतेम साडेनऊ हेक्टर. तरी तो दहा आठवडे कुणाच्या हाती लागला नाही, मग ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या ओटाटा बेटावर गेला आणि शेवटी अठराव्या आठवड्यात पेंग्विनच्या ताज्या मांसाला भुलून सापळ्यात सापडला. एकट्या उंदराला खायला भरपूर असतं, तो तुमच्या आमिषाकडे कशाला वळेल? म्हणून बेटावर एकाच प्रकारच्या साधनावर कधीच विसंबत नाहीत. सापळे, ठशांचे बोगदे, चावल्यावर दातांच्या खुणा उमटतील अशी आमिष भरलेली कार्डं आणि शिकवलेले कुत्रे, हे सगळं लागतं.

नवख्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा ठशांचे बोगदे येतात. साधारण हातभर लांबीचा काळा प्लॅस्टिकचा बोगदा, आत मधोमध शाई लावलेलं कार्ड आणि दोन्ही टोकांना पीनट बटर. प्राणी शाईवरून चालत गेला की कोऱ्या भागावर पावलं उमटतात. किती उंदीर आहेत याचा अंदाज घ्यायचा असेल तर एका ओळीत दहा बोगदे, दोन बोगद्यांमध्ये ५० मीटर, आणि कार्ड फक्त एका कोरड्या रात्रीपुरतं. स्टोट म्हणजे इथला मुंगसासारखा चपळ शिकारी शोधायचा असेल तर आमिष सशाच्या मांसाचं आणि तीन रात्री. बोगदे निदान तीन आठवडे आधी मांडून ठेवावे लागतात, कारण उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. ही घाई करणारे लोक ‘काही नाही सापडलं’ असं लिहून मोकळे होतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कार्डावर ओळ क्रमांक, बोगद्याचा क्रमांक आणि तारीख आधी न लिहिणं. तिसरी म्हणजे पाऊस येणार हे दिसत असताना कार्ड टाकणं. ओली शाई पसरली की गोगलगायीचा माग आणि उंदराचं पाऊल यात फरक करता येत नाही.

सापळ्यांत डीओसीचा (न्यूझीलंडच्या निसर्गसंवर्धन खात्याचा) डीओसी २०० हा लाकडी पेटीतला स्प्रिंगचा सापळा सर्रास दिसतो. पेटीच्या तोंडाशी दोन जाळ्या असतात आणि त्यांची भोकं एका रेषेत नसतात, म्हणजे पक्ष्याला थेट आत शिरता येत नाही. आत अंडं किंवा मांस. हा सापळा बोटं मोडू शकतो, म्हणून सेफ्टी कॅच लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही, आणि कुणी शिकवल्याशिवाय तो ताणायचाच नाही. पेटी डगमगत असेल, आत गवत वाढलं असेल किंवा अंडं सडून आठवडे झाले असतील तर तो सापळा नसल्यात जमा. ब्रोडिफॅकमसारख्या विषाच्या कामाला परवाना आणि प्रशिक्षण लागतं, ते तुम्हाला कुणी देणार नाही आणि मागूही नका.

आता झाडं. ऑकलंडच्या उत्तरेला साधारण ३० किलोमीटरवरचं टिरिटिरी मातांगी, २२० हेक्टरचं. शेती आणि चराईने बेट उघडं पडलं होतं. १९८४ ते १९९४ मध्ये स्वयंसेवकांनी अडीच लाखांहून जास्त रोपं लावली, आणि १९९३ मध्ये विमानातून आमिष टाकून पॉलिनेशियन उंदीर ‘किओरे’ संपवले. चूकही झाली: काही भागात पोहुतुकावा नावाची झाडं इतकी दाट लागली की खाली काहीच उगवेना आणि पुढे विरळणी करावी लागली. तिथे आता लागवड फारशी नाही. पायवाटांची डागडुजी, तण काढणं, पाहुण्यांना बेट फिरवून दाखवणं अशी कामं आहेत. खऱ्या लागवडीसाठी मोटुटापू बघा, मे ते ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा इथे हिवाळा असतो आणि पावसाळी थंडीत मुळं धरतात. रोपवाटिकेत हात घालायचा असेल तर मोटुओरा. तिथे किवीची पिल्लंही सुरक्षित वाढवतात आणि साधारण एक किलोची झाली, स्टोटशी झुंजण्याइतकी, की मूळ जंगलात परत नेतात.

टिरिटिरीवर हिही नावाचा फुलांतला मध खाणारा पक्षी आहे. त्याला साखरपाणी पुरवावं लागतं, साधारण २० टक्के साखर. साखरपाण्याभोवतीच्या जाळीची भोकं हिही आणि बेलबर्ड या पक्ष्यांना पुरतील पण मोठ्या टुई पक्ष्याला नाही अशी बेतलेली असतात. कंटाळवाणं काम, पण बाटल्या काटेकोर धुणं हाच त्यातला गाभा. २००६ मध्ये तिथल्या हिहींमध्ये साल्मोनेलाची साथ आली होती.

जायच्या आधी घरी करायचं ते असं. सगळं सामान चेन लागणाऱ्या बॅगेत किंवा झाकणाच्या डब्यात, खोके आणि उघड्या पिशव्या नकोत. स्टीलचा डबा उत्तम, कारण टिरिटिरीवर जेवण विकत मिळत नाही. बॅग आदल्या रात्री गॅरेजमध्ये उघडी ठेवू नका. काळा उंदीर मूळचा आपल्याच उपखंडातला, आणि आता ऑकलंडच्या गॅरेजमध्ये सुखाने राहतो. बुटांच्या खाचांतला चिखल ब्रशने काढा, मोजे आणि वेल्क्रोतले बी वेचा. अर्जेंटिनियन मुंग्यांसाठी कुंड्या, तंबू आणि बॅगेचे कोपरे झटका. टिरिटिरीवर २००० साली त्या सापडल्या आणि त्या घालवायला कैक वर्षं लागली. कुत्रा अर्थात नाही.

बोटीत बॅगेतून काही सरपटलं, पळालं असं वाटलं तर बॅग उघडून शोधू नका. चेन लावा आणि उतरण्याआधी खलाशांना सांगा, लाज वाटून गप्प बसू नका. बेटावर उंदीर दिसला तर डीओसीच्या ०८०० ३६२ ४६८ या क्रमांकावर कळवा. मेलेला सापडला तर झुडपात फेकू नका, पिशवीत बंद करून कर्मचाऱ्यांकडे द्या. त्याच्या डीएनएवरून तो कुठल्या बेटावरून किंवा किनाऱ्यावरून आला हे शोधता येतं, आणि पुढचे सापळे कुठे लावायचे ते त्यावर ठरतं.