गुडघा ‘प्लेइंग अप’ करतो म्हणजे काय करतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांची इंग्रजीची परीक्षा) पास झालात, दोन महिन्यांत नर्स म्हणून ब्रिटनला निघताय, फ्रेझल व्हर्बचं (‘पुट ऑफ’सारख्या, क्रियापदाला छोटा शब्द जोडून नवा अर्थ देणाऱ्या जोड्यांचं) जाडजूड पुस्तक आणलंय, रोज वीस पाठ करताय आणि दुसऱ्या दिवशी त्यातले पाचही आठवत नाहीत. पुढे काय करू?

पुस्तक मिटून ठेवा. का ते जरा सविस्तर सांगतो.

मी इथे ब्रिटनमध्येच फिजिओथेरपिस्ट आहे. पहिल्याच आठवड्यात ऐंशीच्या घरातल्या एक आजी आल्या आणि म्हणाल्या, ‘माय नी इज प्लेइंग अप अगेन.’ मला ‘नी’ कळलं, ‘प्ले’ कळलं. मी मोठ्या कौतुकानं विचारलं, ‘अरे वा, काय खेळता तुम्ही?’ आजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग इतक्या हसल्या की तो दुखरा गुडघाच धरून बसल्या. ‘प्ले अप’ म्हणजे त्रास देणं, कुरबुर करणं. गुडघा, प्रिंटर, हट्टी पोर, सगळं इथे ‘प्ले अप’ करतं. परीक्षेत चांगले मार्क होते माझे, पण हा शब्द माझ्या वाटेला कधी आलाच नव्हता.

आपली गोम इथे आहे. आपल्याला अवघड इंग्रजी येतं, सोपं येत नाही. आपण ‘पोस्टपोन’ शिकलो, ही माणसं ‘पुट ऑफ’ म्हणतात. आपण ‘टॉलरेट’, ते ‘पुट अप विथ’. आपण ‘कॅन्सल’, ते ‘कॉल ऑफ’. 1066 नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं, दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंच-लॅटिनच्या हातात गेली, आणि अशा शब्दांना जो भारदस्तपणा चिकटला तो अजून गेलेला नाही. घरात, वॉर्डात, बस स्टॉपवर मात्र जुने, एका दमात उच्चारायचे छोटे शब्दच चालतात: गेट, पुट, टेक, कम, गो, आणि त्यांच्या शेपटीला अप, ऑफ, आउट, ओव्हर. परक्याला ही शेपटी छळते हे इंग्रजांनाही जुनं ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सननं 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत साफ लिहून ठेवलंय की परदेशी माणसाला सगळ्यात जास्त अडचण याचीच येते. तेव्हा विसरता म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

आणि आपल्याला हा प्रकार नवा थोडाच आहे? ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नाद लागतो, शोध लागतो. किंवा संस्कृतातली ‘हृ’ धातूची गंमत आठवा: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. धातू तोच, उपसर्ग बदलला की मारामारीचं जेवण होतं. फरक एवढाच की आपला उपसर्ग पुढे चिकटतो आणि इंग्रजांचा मागे लोंबतो. त्यातही खोड अशी की तोच तुकडा पुढे नेऊन चिकटवला तर अर्थ फिरतो. ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजर टाकून तपासणं, ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणं. औषधांच्या चार्टबद्दल बोलताना ही अदलाबदल करू नका!

तुमच्या कामाचे म्हणाल तर पुस्तकातले सहाशे नकोत, पहिल्या महिन्यात पन्नास पुरतील. पेशंट ‘व्हॉमिट’ म्हणेलच असं नाही, ‘आय थ्र्यू अप’ म्हणेल. ‘आय कान्ट कीप एनिथिंग डाउन’ म्हणजे पोटात काही ठरत नाहीये. ‘ब्रिंग अप’ जपून ऐका: पोर वाढवणं, विषय काढणं आणि खाल्लेलं किंवा कफ बाहेर काढणं, तिन्ही तेच. गोळीचा परिणाम ओसरला की ती ‘वोअर ऑफ’ झाली. भूल उतरून माणूस शुद्धीवर आला की तो ‘केम राउंड’, चक्कर येऊन पडला की ‘पास्ड आउट’. डुलकी लागली तर ‘नॉडेड ऑफ’. मोठ्या दुखण्यातून वाचला तर ‘पुल्ड थ्रू’, आणि नाही वाचला तर नातेवाइकांशी बोलताना ‘पास्ड अवे’. शेवटचे दोन पहिल्या दिवसापासून पक्के हवेत.

‘पास आउट’वरून आठवलं. आपण कॉलेजमधून ‘पास आउट’ होतो. इथे ‘आय पास्ड आउट इन 2014’ म्हणालात तर लोक समजतील, 2014 साली तुम्ही बेशुद्ध पडला होतात. ‘ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘क्वालिफाइड’ म्हणा. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ही आपलाच, तो इकडे आणू नका.

तुम्हाला झोपलेल्या माणसाला उठवायचंही असेल. ‘सिट डाउन’ उभ्या माणसाला म्हणतात, पडलेल्याला ‘सिट अप’. मराठीत हा भेद आपण न शिकता करतो: खाली बसा, उठून बसा. एवढं एकदा लक्षात आलं की ‘अप’ची भीती जाते. बऱ्याच ठिकाणी ‘अप’ म्हणजे पुरतं करणं, आपल्या ‘टाकणे’सारखं: ‘ड्रिंक अप’, पिऊन टाका. ‘ऑन’मध्ये बहुधा चालू ठेवणं असतं, ‘कॅरी ऑन’. पण ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. ‘अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे अलार्म वाजला, बंद झाला नाही. ‘द लाइट वेंट ऑफ’ म्हणजे मात्र दिवा गेला. दूध ‘वेंट ऑफ’ म्हणजे नासलं. आता याला कोण काय करणार!

व्याकरणातली एकच गोष्ट मनावर घ्या. ‘टेक ऑफ युअर शूज’ चालतं, ‘टेक युअर शूज ऑफ’ही चालतं, पण ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ आले की त्यांना मध्येच बसवावं लागतं: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ कानाला खटकतं. उलट ‘लुक आफ्टर हर’ कधी फुटत नाही. ओळखायचं कसं? कानानं. ‘टेक देम ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो; ‘लुक आफ्टर’मध्ये तो बहुतेकदा ‘लुक’वरच राहतो. जोर शेपटीवर असेल तर तोडता येण्याची शक्यता जास्त. अपवाद आहेत, पण शंभरात शंभर बरोबर यायला आता परीक्षा थोडीच आहे.

ही जोराची गोष्ट कुठल्याच यादीत दिसत नाही आणि यादीवरचा माझा खरा राग हाच आहे. ‘गेट’ खाली ओळीनं तीस शेपट्या वाचल्या की त्या एकमेकींत मिसळतात. त्यापेक्षा छोटी वही खिशात ठेवा. दिवसाला दोन, तेही ऐकलेलेच, आणि अख्खं वाक्य: कोण म्हणालं, कशाबद्दल म्हणालं. माझ्या वहीत ‘प्ले अप’समोर अर्थ लिहिलेलाच नाही. नुसतं ‘आजी, उजवा गुडघा’ लिहिलंय. निघेपर्यंत ऐकायला नर्सेसच्या मुलाखती, रोजच्या मालिका, रेडिओवरच्या गप्पा काहीही चालेल. बातम्या नकोत, त्यांतली भाषा पुन्हा ‘पोस्टपोन’कडे झुकते.

बोलताना मात्र पहिले काही महिने ‘पोस्टपोन’च म्हणा, लोकांना कळतं. चुकीची शेपटी लावण्यापेक्षा बिनशेपटीचं बरं. आणि हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देता-घेताना, कळलं नाही तर तिथल्या तिथे विचारा: ‘सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ मी त्या दिवशी आजींना हेच विचारायला हवं होतं. त्या पुढे सहा वेळा आल्या. दर वेळी दारातूनच म्हणायच्या, ‘आज मॅच नाही हं.’