सर्दीची गोळी घेतली तर रस्त्यावरच्या ड्रग टेस्टमध्ये अडकेन का?

मेलबर्नला येऊन चारच महिने झालेत, आईने पुण्याहून दिलेली सर्दीची गोळी रात्री घेता, आणि सकाळी पोलिसांनी लाळ तपासली तर काय, असं तुम्ही विचारलंय. त्या गोळीने चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. चाचणीचा रोख गांजातलं नशा आणणारं टीएचसी, आइस (मेथॲम्फेटामिन), एमडीएमए (एक्स्टसी) असल्या पदार्थांवर असतो.

मी इथे सोळा वर्षं डिलिव्हरीची व्हॅन चालवतोय, चार-पाचदा ही चाचणी दिलीय. आधी दारूसाठी फुंकायला लावतात, मग एक पट्टी जिभेवरून फिरवायची. पहाटे तोंड कोरडं असतं, लाळ लवकर सुटत नाही; घाबरू नका, पोलीस थांबतात. पॉझिटिव्ह आली तर दुसरा नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. चाचणी द्यायला नकार मात्र देऊ नका, तो गुन्हाच आहे. 2004 च्या डिसेंबरमध्ये व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या आपल्या राज्यात, ही मोहीम सुरू झाली, तेव्हा अगदी सुरुवातीला कॅमेऱ्यांसमोर पॉझिटिव्ह ठरलेला एक ड्रायव्हर प्रयोगशाळेच्या तपासणीत सुटला होता. त्यामुळे रस्त्यावरचा निकाल शेवटचा नसतो.

होळीच्या भांगेतही टीएचसीच असतं, हे आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं कॅनाबिसचं (गांजाचं) तेल घेणाराही, सकाळी डोकं स्वच्छ असलं तरी, अडकू शकतो. 1 मार्च 2025 पासून अशा रुग्णाचं लायसन्स राखायचं की नाही हे मॅजिस्ट्रेट ठरवू शकतात, एवढीच सवलत.

मला काळजी तुमच्या गोळीचीच जास्त वाटते. चाचणी लाळेत काय आहे ते बघते, तुमच्या डोळ्यांवर झापड आहे का ते नाही. आपल्याकडच्या सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन हे झोप आणणारं औषध असतं. तीच गोळी रात्री अकराला घेऊन मी पहाटे पाचला निघालो होतो. फ्रीवेवर कडेच्या खडबडीत पट्ट्यांवर चाकं घरघरली तेव्हा दचकून जागा झालो. बाजूच्या लेनमध्ये ट्रक होता. त्या दिवशी माझी चाचणी झाली असती तर निगेटिव्हच आली असती. आणि औषधाच्या गुंगीत गाडी चालवणं हा इथे वेगळा गुन्हा आहे.

इथल्या फार्मसीत अशा औषधावर झोप येण्याचा इशारा चिकटवून देतात. बॅगेतून आणलेल्या पाकिटावर तो नसतो. पाकीट घेऊन उद्याच फार्मासिस्टकडे जा आणि झोप न आणणारी गोळी मागा. तोवर सकाळी ट्रेनने जा.