तंबू आपणच ठोकायचा का?

मागच्या अंकात मी नामिबियातल्या सात दिवसांच्या तंबू-सफारीबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेकांनी प्राण्यांपेक्षा संडासाचीच चौकशी जास्त केली आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लेख हुकला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: विंडहुकहून सफारीचा ट्रक निघतो. एटोशा राष्ट्रीय उद्यानात दोन रात्री, स्पिट्झकोपच्या खडकांत एक, स्वाकोपमुंडला समुद्रकाठी एक, सेस्रिमला नामिब वाळवंटात दोन, आणि सातव्या दिवशी परत विंडहुक. मी हे दोनदा केलं. आधी सत्तावन्नाव्या वर्षी लेकीबरोबर आणि मग साठीला चार मैत्रिणींना घेऊन. त्याआधी बावीस वर्षं पुण्यात खाणावळ चालवली, त्यामुळे माझी उत्तरं भांड्याकुंड्यांकडे झुकतात. सांभाळून घ्या.

आम्ही दोघं, वयं ६१ आणि ५८. मुलानं पैसे भरायची तयारी दाखवली आहे, पण माहितीपत्रकात ‘सहभागी कॅम्पिंग’ असं लिहिलंय. म्हणजे नेमकं काय करावं लागतं? माझे गुडघे दुखतात, यांना खाली बसवत नाही. (सांगली)

म्हणजे ताई, तंबू आपणच ठोकायचा, आपणच पाडायचा आणि जेवणानंतर भांड्यांना हात लावायचा. स्वयंपाक आणि गाडी गाईडकडे.

तंबू दोघांचा, जाड कॅनव्हासचा, उचलायला गव्हाच्या पोत्यासारखा वाटतो. दहा मिनिटांत उभा राहतो असं सगळे सांगतात. आम्हाला पहिल्या संध्याकाळी पस्तीस मिनिटं लागली, कारण एटोशातली जमीन चुनखडीची, दगडासारखी. खुंटी आत जायच्या ऐवजी वाकते. तिसऱ्या दिवशी मात्र हातानं नाद पकडला. तुम्हाला नाहीच जमलं तर शेजारच्या तंबूतली तरुण पोरं येतात. त्यांना तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी द्या, पुढचे सगळे तंबू उभे राहतील.

गुडघ्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. झोपायला काही त्रास नाही, त्रास पहाटे चार वाजता जमिनीवरून उठण्याचा. गादी चार बोटं जाडीची असते. आधीच कळवून दोन गाद्या मागा, आणि घडीची खुर्ची रात्री तंबूच्या आत उशाशी ठेवा. तिला धरून उठता येतं. ट्रकच्या पायऱ्याही आपल्या एसटीपेक्षा उंच असतात आणि दिवसातून वीसेक वेळा चढउतार होते. यांना खाली बसवतच नसेल तर त्याच मार्गाची खोल्यांतली सफारी मिळते ती घ्या. महाग पडते, पण मुलगा भरतोय ना?

भांड्यांबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे. तीन घमेली मांडतात, एकात साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात जंतुनाशक. मग पुसायचं नाही. ओल्या फडक्यात जंतू वाढतात म्हणून प्रत्येकानं ताटल्या हातात घेऊन हवेत हलवायच्या, वाळेपर्यंत. चौदा माणसं वाळवंटात उभी राहून कोंबडीनं पंख झटकावेत तशा ताटल्या झटकताहेत, आणि मी मनात म्हणतेय की माझ्या खाणावळीत एकच फडकं सकाळपासून रात्रीपर्यंत फिरायचं. आता खाणावळ बंद आहे, कबूल करायला हरकत नाही.

दोन कंपन्यांचे कार्यक्रम अगदी सारखे दिसतात, पण एकीचे दर बरेच कमी आहेत. फसवणूक तर नाही ना? (ठाणे)

फसवणूक असेलच असं नाही. बारीक अक्षरं वाचा. मुक्काम ‘एटोशात’ लिहिलाय की ‘एटोशाजवळ’? ‘सेस्रिमला’ की ‘सेस्रिम परिसरात’? स्वस्त कार्यक्रमात बहुधा फाटकाबाहेर झोपवतात. तिथे तंबू चांगले असतात, कधी पोहण्याचा तलावही असतो. पण ज्याच्यासाठी एवढं विमानभाडं भरलं, ते आतच असतं.

एटोशाची फाटकं सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला बंद होतात. गाडीतून मध्येच खाली उतरायची परवानगी नाही, वेग ताशी ६० किलोमीटरच्या आत. उद्यान २२ हजार चौरस किलोमीटरहून मोठं, आणि मधोमध जवळपास ४,८०० चौरस किलोमीटरचं पांढरं मिठागर. म्हणजे बृहन्मुंबईच्या आठपट जागा, आणि तिच्यात बहुतेक वर्षभर टिपूस नाही. कोरड्या महिन्यांत जनावर पाण्यावर येतंच, म्हणून हुशार गाईड धावाधाव करत नाही. पाणवठ्याशी गाडी लावतो, इंजिन बंद करतो आणि बसतो. पहिल्या सफारीत मी त्याच्यावर चिडले होते, पैसे भरून काय नुसतं बसायचं म्हणून. वीस मिनिटांनी झेब्रे आले, एकामागून एक, शाळेच्या रांगेसारखे.

आत राहिलात तर हेच बसणं रात्रीही करता येतं. ओकाउकुयो आणि हलाली या मुक्कामांना लागूनच पाणवठे आहेत, त्यांवर रात्रभर दिवे असतात. मध्ये बुटकी भिंत आणि कुंपण, अलीकडे बाकं. ओकाउकुयोला रात्री अकराच्या सुमाराला मी शाल गुंडाळून बसले होते. चाळीसेक माणसं, पण कुणाचा हूं की चूं नाही. उजेडाच्या कडेला दगड होता, तो हलला. काळा गेंडा. तो पाण्याशी आला तेव्हा पाण्यात दुसरा गेंडा उलटा दिसायला लागला, आणि तो पाणी ओढून घेत होता त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता, बशीतून चहा ओढावा तसा. मग हत्ती आले. आठ हत्ती येतात आणि पायांचा आवाज नाही, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. गेंडा फुरफुरला, दोन पावलं मागे सरला, आणि पुढचा अर्धा तास आपली पाळी येईपर्यंत तिथेच उभा राहिला. माझ्या मागे कुणीतरी वेफर्सचं पाकीट उघडलं तर सगळ्या बाकांनी वळून पाहिलं.

फाटकाबाहेर झोपणाऱ्यांना हे मिळत नाही.

सेस्रिमचंही तेच. तिथे दोन फाटकं आहेत. दोहोंच्या मध्ये, म्हणजे आत मुक्काम असेल तर सूर्योदयाच्या तासभर आधी निघता येतं. बाहेरचे लोक ऊन पडल्यावर येतात, आणि वाळूच्या टेकड्यांची अर्धी बाजू काळी, अर्धी लाल दिसते ती वेळ तोवर सरत आलेली असते. तेव्हा कंपनीला एकच प्रश्न विचारा: फाटकाच्या आत की बाहेर? उत्तर लेखी घ्या.

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. उपास घडेल का? (जळगाव)

नाही घडणार, पण कंटाळा येईल. बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, तिथे पोचल्यावर सांगून उपयोग नाही. गाईड सात दिवसांचा किराणा आधी भरतो आणि मध्ये दुकानं कमी. सकाळी पाव, ओट्स, फळं. दुपारी सॅलड आणि सँडविच. रात्री इतरांना निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, तुम्हाला लाल भोपळा, मक्याची कणसं, फॉइलमध्ये भाजलेला बटाटा. तुमचं वेगळ्या फॉइलमध्ये, वेगळ्या कोपऱ्यात ठेवायला सांगा. आमचा गाईड न चिडता ठेवायचा. त्याच्याकडे तीन पायांचं बिडाचं भांडं होतं, तिथे त्याला ‘पॉइकी’ म्हणतात. त्यात थरावर थर भाज्या रचून, झाकण लावून, दीड तास अजिबात न ढवळता त्यानं जे शिजवलं, ते मी खाणावळीत ठेवलं असतं.

पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड असते. मी तीन दिवस तिला ‘पाप’ म्हणत होते, मग गाईडनं उच्चार सुधारला: ‘पप’. अळणी असते. लसणाची चटणी घातली की आपली होते.

न्यायचं काय तर कोरड्या चटण्या, मेतकूट, भाजलेले दाणे, चहाचा मसाला. पुडीवर इंग्रजीत पदार्थाचं नाव लिहा. ताजी फळं, भाज्या, बियाणं, दुधाचे पदार्थ नेऊ नका.

रात्री तंबूबाहेर जावं लागलं तर? (दोन पत्रं पुण्याची, एक नागपूरचं, एक बेळगावचं)

एटोशातले मुक्काम कुंपणाच्या आत आहेत, सिंह-हत्ती सहसा आत येत नाहीत. संडास-न्हाणीघर पक्की, गरम पाण्याची, तंबूपासून पन्नास-शंभर पावलांवर. कपाळावर बांधायचा दिवा घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच घाला, विंचवासाठी. स्पिट्झकोपला मात्र खड्ड्याचे संडास आहेत, आणि तंबूपाशी नळ नाही. त्या रात्री अंघोळ विसरा. गुलाबी खडकांवर पाठ टेकून आकाश बघा.

कुंपणातून लहान मंडळी येतात. हलालीला मधबिज्जू (हनी बॅजर) रात्री कचऱ्याचे डबे उलटे करतो, असा आवाज होतो की वाटतं शेजारी घर फोडताहेत. त्याच्या वाटेला जाऊ नका, तो कुणाला भीत नाही.

मी सहावीत आहे. कुनोतले चित्ते नामिबियातून आले ना? मग तिथे खूप दिसतात का? (सातारा)

शाब्बास. हो, १७ सप्टेंबर २०२२ ला आठ चित्ते नामिबियातून कुनोला आले. पण मला दोन्ही वेळा एकही दिसला नाही! गाईडनं कारण सांगितलं. नामिबियातले बहुतेक चित्ते उद्यानांत राहतच नाहीत, ते माणसांच्या खासगी शेतजमिनींवर, गुराढोरांच्या कुरणांवर राहतात. उद्यानात सिंह आणि तरस असतात, ते चित्त्यानं मारलेली शिकार हिसकावून घेतात. चित्ता पळण्यात पहिला, भांडणात शेवटचा. आणि तुझ्या बाबांनी खाली लिहिलंय, वाघ दिसेल का. बाबांना सांग, आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतो.

कुठल्या महिन्यात जावं? लसी कुठल्या? आणि गुडघेवाल्यांनी वाळूच्या टेकड्या चढायच्या कशा? (कोल्हापूर)

जून ते ऑक्टोबर. जुलैत रात्री पाणी गोठायच्या बेताला येतं. लोकरी टोपी आणि मोजे न्या, ‘आफ्रिका म्हणजे गरम’ हे डोक्यातून काढा. ऑक्टोबरात जनावरं भरपूर, पण ऊन भाजून काढतं. स्वाकोपमुंडला थंड सागरी प्रवाहामुळे धुकं येतं, तिथे स्वेटर कायम हाताशी. तेच धुकं वाळवंटातल्या काही जिवांना पाणी पाजतं. तिथला एक काळा भुंगेरा पहाटे टेकडीच्या माथ्यावर शीर्षासनासारखा उभा राहतो आणि पाठीवर जमलेले थेंब ओघळून तोंडात येऊ देतो. मला त्याच्या पावलांची रांगोळीच तेवढी पाहायला मिळाली.

तिकीट अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं विचारून घ्या. ती निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांशी बोलूनच. एटोशाच्या बाजूला मलेरिया असतो, त्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

गुडघ्यांचं म्हणाल तर ‘ड्यून ४५’ ही टेकडी (सेस्रिमपासून ४५ किलोमीटरवर म्हणून ४५) मी निम्मीच चढले. कड्यावर बसले, सूर्य उगवला, बसल्या बसल्या घसरत खाली आले. वरून पाहिलेला आणि निम्म्यावरून पाहिलेला सूर्य एकच होता. डेडव्लेईला, म्हणजे टेकड्यांमधल्या सुकलेल्या तळ्याला, चढ जवळपास नाही. शेवटचे पाच किलोमीटर वाळूतून चालणारी गाडी नेते, मग किलोमीटरभर चालायचं. टेकड्यांनी नदीची वाट अडवली आणि खालची झाडं वाळली, त्याला ६००-७०० वर्षं झाली. इतकं कोरडं की कुजायलाही ओल नाही, म्हणून अजून काळीठिक्कर उभी आहेत. बाभळीच्या गोतातली झाडं. आपल्याकडे नामदेव कीर्तन करत होते तेव्हा ती हिरवी असावीत. हात लावू नका.

परतताना सेस्रिमची घळ चुकवू नका. ३० मीटर खोल फट, तळाशी काही महिने पाणी टिकतं. जुन्या काळी गोरे शेतकरी बैलांच्या सहा चामडी वाद्या एकाला एक बांधून बादली सोडायचे, तेव्हा पाणी लागायचं. ‘सेस’ म्हणजे सहा, ‘रिम’ म्हणजे वादी. हे ऐकलं आणि मी खालीच बसले. माझं माहेर म्हसवडकडचं, माणदेशातलं. एप्रिल उजाडला की आमच्या विहिरीच्या चऱ्हाटाला आई आणखी एक तुकडा जोडायची. आमच्या गल्लीत विचारायचे, ‘किती गाठींवर गेलं पाणी?’ गाईडला हे सांगितलं. त्याची भाषा दमारा लोकांची, टाळूवर जीभ आपटून काढायच्या आवाजांची. त्यातला एक आवाज आपण बैल हाकताना काढतो तोच. त्यानं तो काढला, मी काढला, आणि बाकीचा ट्रक आमच्याकडे बघत राहिला.

मागच्या लेखात तुमची चप्पल कोल्ह्यानं पळवली होती. ती मिळाली का? (रत्नागिरी)

मिळाली. ओकाउकुयोच्या कुंपणापाशी, दुसऱ्या दिवशी सकाळी. अंगठ्याचा पट्टा त्यानं खाल्ला होता. गाईडनं सुतळी दिली, मी दोन गाठी मारल्या, आणि समुद्रापर्यंत ती चालली.