दुसरं पर्व लिहितोयस? आधी वही घे

अरे, तुझ्या मालिकेला दुसरं पर्व मिळालं म्हणून लगेच नवा खलनायक शोधत बसू नकोस. झी मराठीवरची ‘रात्रीस खेळ चाले’ आठव. 2016 मध्ये कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांच्या मृत्यूनं मालिका सुरू झाली. 2019 च्या पर्वात गोष्ट मागे गेली, अण्णा जिवंत समोर आले, त्यांची प्रेयसी शेवंता आली. शेवट ठाऊक असूनही लोक बघत होते, कारण प्रश्न ‘काय झालं’वरून ‘कसं झालं’वर सरकला होता. तुझा प्रश्न कुठे सरकतोय, ते आधी ठरव.

आणि वही ठेव: कुणाला काय, कितव्या भागात कळलं. मी ठेवली नव्हती. आमच्या मालिकेतल्या सासूबाईंना दीडशेव्या भागात कळलेलं गुपित तीनशेव्यात पुन्हा कळलं, तेही हातातलं ताट पाडून! सेटवरून रात्री अकराला सीन मागतात, तेव्हा डोकं चालत नाही रे.