जुन्या डिझेल जीपची नवी बॅटरीही रोज उतरते. अल्टरनेटर बदलू का?

नका बदलू. बॅटरी चार्ज करणारं ते यंत्र मीटर लावल्याशिवाय तर बदलूच नका. तुम्ही लिहिलंय, "मेकॅनिकने चालू गाडीच्या बॅटरीचा टर्मिनल काढून पाहिला, गाडी बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर ठीक असावा." हे वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो.

आमची १९९४ची महिंद्राची एमएम ५४० डिझेल जीप आहे. गाव वणीकडचं. एका दिवाळीआधी तिला रंग मारून आणला आणि ऐन कापूसवेचणीत बॅटरी उतरायला लागली. थंडीत सकाळी इंजिनाला हीटर दिला की सेल्फ नुसता कण्हायचा. वेचणीच्या बाया रोज खाली उतरून धक्का मारायच्या. त्यातली एक शेवटी म्हणालीच, "धक्क्याचे पैसे अलग लागतीन भाऊ."

मग आले आमचे मोठेबाबा. तरुणपणी जंगलखात्यात पेट्रोलवरच्या जीपा चालवलेले. मी मीटर आणायला निघालो, तर म्हणे, "माह्यं अर्धं आयुष्य जीपमधी गेलं, तू काय शिकवतं मले?" आणि चालू गाडीचा टर्मिनल उपसला. हेडलाइट क्षणभर पांढरेफेक झाले. गाडी चालूच होती. "पाय, हाये ना चालू!"

अहो, ती बंद पडेलच कशी? या डिझेलचा पंप इंजिनच फिरवतं, बंद करायलाही केबल ओढावी लागते. बॅटरी काढून घरी नेली तरी ते चालत राहील. पेट्रोल गाडीला ठिणगीसाठी करंट लागतो, त्यामुळे डायनामोच्या काळात ही परीक्षा थोडीफार खरी होती. अल्टरनेटरला मात्र बॅटरीचा आधार एकदम सुटला की व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड, म्हणजे एसीचं डीसी करणारे भाग, जातात. आमचे गेले. दुसऱ्या दिवसापासून चार्जिंगचा लाल लाइट विझेचना. दुसरा अल्टरनेटर बसवला, लाइट विझला, बॅटरी उतरायची ती उतरतच राहिली.

शेवटी मीटर लावला. गाडी चालू, हेडलाइट चालू. अल्टरनेटरच्या मागच्या जाड नटावर, त्याच्याच बॉडीला धरून, १४.३ व्होल्ट. बॅटरीवर १२.७. मग मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी अल्टरनेटरच्या बॉडीवर ठेवली: १.६. तिथे ०.२ च्या वर दिसलं की अर्थिंग गेलं समजा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, चेसिसशी त्याचं नातं एका तांब्याच्या जाळीदार पट्टीचं. रंगवाल्याने ती सोडली होती आणि परत बसवताना ताज्या रंगावरच आवळली होती. सेल्फ मारताना स्टॉप केबल गरम का लागते, हे कोडंही तेव्हाच सुटलं. करंट बिचारा तिच्यातून वाट काढत होता. पॉलिश पेपरने रंग खरवडला, बोल्ट आवळला, बॅटरीवर १४.१.

तेव्हा आधी पट्टी बघा. प्लसच्या बाजूलाही तसंच मोजा, अल्टरनेटरच्या नटापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत. बेल्ट वगैरे तुम्ही पाहिलाच असेल.

हां, एक राहिलं. तुमची गाडी रात्रभर नुसती उभी राहूनच उतरत असेल, तर माझी गोष्ट लागू नाही. मग कुठेतरी करंट गळतोय, कदाचित डायोडमधूनच. आणि चावी दिल्यावर लाल लाइट लागतच नसेल तर आधी बल्ब बदला. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना त्याच बल्बातून पहिला करंट मिळतो, तो नसला की कार्बन ब्रश चांगले असूनही ते झोपून राहतात. तुमच्या मेकॅनिकने टर्मिनल काढलाच आहे म्हणता, तेव्हा डायोडही तपासून घ्या. अल्टरनेटर बदलावा लागला तर निम्मे पैसे त्याच्याकडून घ्या.

आमचे मोठेबाबा अजूनही लग्नाकार्यात सांगतात, "डायनामो आंधीच कमजोर होता." नव्हता. ती १४.३ आणि १२.७ लिहिलेली चिठ्ठी मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवली आहे.