वजने उचलल्याने बायकांचे शरीर पुरुषी दिसू लागते का?

नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस डंबेल किंवा बारबेल उचलल्याने तसे होत नाही, कारण स्नायू वाढवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांमध्ये पुरुषांच्या तुलनेत साधारण १५ पटींनी कमी असते. सोलापुरात महिलांना व्यायाम शिकवताना मला हेच दिसते, की सुरुवातीला वाढते ती ताकद, दंडाचा घेर नव्हे. भरलेला गॅस सिलिंडर एकटीने सरकवता येऊ लागतो, पण ब्लाउजची बाही उसवावी लागत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये दोन प्रकारांत मिळून २०२ किलो उचलणाऱ्या मीराबाई चानू ४९ किलो वजनी गटात खेळत होत्या, हेही ध्यानात घ्यावे. मात्र प्रत्येकीची ठेवण निराळी असते, त्यामुळे एखादीचे दंड किंवा मांड्या लवकर भरू लागल्यास तिने तेवढ्या भागाच्या व्यायामात उचलायचे वजन वाढवणे थांबवावे.